भिशीच्या पैशांतले स्वयंपाकघर

मैत्रिणींनो, दिवाळी जवळ आली की घरातल्या सगळ्या खोल्यांना कात टाकावीशी वाटते. दिवाणखान्याला नवे पडदे मिळतात, झोपायच्या खोलीला नवी चादर मिळते आणि स्वयंपाकघराच्या वाट्याला काय येते? तर डबे घासून पुन्हा त्याच जागी ठेवणे! खरे म्हणजे घरातली बाई दिवसातला निम्मा वेळ तिथेच उभी असते. पण पाहुणे तिथे येत नाहीत ना, मग चालले आहे ते चालू द्या, असा आपला हिशेब.

माझाही हिशेब तोच होता. मागच्या गणपतीत मात्र तो चुकला. चिरंजीवांचे लग्न ठरलेले, होणाऱ्या विहीणबाई आरतीला आल्या आणि मी "अहो, असू द्या, असू द्या" म्हणेपर्यंत सरबताचा रिकामा पेला हातात घेऊन सरळ आत! बिचाऱ्या अगदी प्रेमाने आल्या होत्या. पण मला दिसू लागले ते भलतेच. फरशांच्या काळ्या पडलेल्या सांधी दिसल्या, कपाटाच्या दारांवरचा तपकिरी तेलरंग पोपडे धरलेला दिसला, एका दाराला तर मुठीऐवजी सुतळी बांधलेली! त्या काही बोलल्या नाहीत. ते न बोलणेच मला चार दिवस टोचत राहिले.

आमचे स्वयंपाकघर आहे आठ फूट बाय सात फुटांचे. १९८२ साली सासूबाई-मामंजी गिरगावच्या चाळीतून डोंबिवलीच्या ह्या जागेत आले, तेव्हाचा कडाप्प्याचा ओटा अजून तोच आहे. चिरंजीव म्हणाले, "आई, सगळं काढून नवीनच करू या ना!" आणि मला एका मोठ्या दुकानात घेऊन गेले. तिथल्या गृहस्थांनी संगणकावर आमचेच स्वयंपाकघर असे काही नटवून दाखवले, की मी त्याला ओळखलेच नाही. मग त्यांनी आकडा सांगितला, एक लाख नव्वद हजार! तो आकडा मात्र मी लगेच ओळखला. लग्नाच्या कार्यालयाचा आणि जेवणाचा खर्च त्याच्याच आसपास जात होता.

घरी आल्यावर हे म्हणाले, "अगं, एवढ्यात आपली काशीयात्रा होईल, आणि परत येताना पेढेही आणता येतील." निवृत्त माणसाचे म्हणणे काही खोटे नव्हते. मी म्हटले, "यात्रा राहू द्या, कर्जही राहू द्या. माझ्या भिशीचे पंधरा हजार ह्या महिन्यात येतायत. तेवढ्यातच करीन. बघाच तुम्ही!"

आता हे कसे केले ते क्रमाने सांगते, म्हणजे तुम्हाला उपयोगी पडेल.

पहिले काम बिनपैशाचे. ओट्यावरचे, फळ्यांवरचे, माळ्यावरचे सगळे खाली काढले आणि जुन्या चादरीवर मांडले. आमच्या घरात चहाच्या चार गाळण्या, झाकण नसलेले अकरा डबे आणि डबा नसलेली सात झाकणे निघाली! वर्षभरात ज्याला हात लागला नाही ते वेगळे काढले. एक तृतीयांश फळ्या मोकळ्या झाल्या. कुठलाही रंग लावायच्या आधीच खोली फूटभर मोठी दिसू लागली. छोट्या स्वयंपाकघरात शोभा आणण्यापेक्षा आधी गर्दी कमी करावी, हे मी तेव्हा शिकले.

लहान जागेचा कमीपणा मानू नका हो. आज ज्याला आपण नव्या पद्धतीचे स्वयंपाकघर म्हणतो, त्याचा मूळ नमुना १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात मार्गारेते शुट्टे-लिहोत्स्की ह्या वास्तुविशारद बाईंनी आखला. साध्या कुटुंबांच्या घरांसाठी तो होता, आणि तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तिथे बांधली गेली. त्याचे माप काय होते ठाऊक आहे? रुंदी साधारण सव्वासहा फूट आणि लांबी अकरा फूट! बाईला कमीत कमी पावले पडावीत, हात पोचेल तिथे वस्तू असावी, हा त्यामागचा विचार. तांदळासारखे जिन्नस ठेवायला त्यांनी ॲल्युमिनियमचे खण केले होते आणि प्रत्येकावर जिन्नसाचे नाव होते. ह्या नावांची गोष्ट लक्षात ठेवा. मी ती वाचली होती, पण लक्षात ठेवली नाही, आणि त्याची शिक्षा पुढे मिळाली.

दुसरे काम साफसफाईचे. भिंतीच्या फरशांवरचा तेलकट थर नुसत्या साबणाने जात नाही. गरम पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून ते फडक्याने लावा, दहा मिनिटे थांबा आणि मग घासा. हातमोजे मात्र घाला, सोड्याने कातडी सोलवटते. नळापाशी पाण्याचे पांढरे क्षार बसतात ते लिंबाने निघतात, पण लिंबू किंवा व्हिनेगर कडाप्प्यावर सांडू देऊ नका. कडाप्पा जातीने चुनखडीचा दगड, आंबटाने त्याची तुकतुकी जाते आणि पांढुरके डाग उमटतात. आणि एक ताकीद. ब्लीचिंगचे पाणी आणि आम्लाची बाटली कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि आपली स्वयंपाकघरे तर लहान.

फरशांच्या काळ्या सांधी जुन्या सुरीने खरवडून मी त्यांत पांढरे सिमेंट भरले. दोन दुपारी गेल्या, पण फरशा कालच बसवल्यासारख्या दिसू लागल्या.

तिसरे काम कपाटांच्या दारांचे. दारे उतरवून, आधी सोड्याच्या पाण्याने तेल काढून कोरडी केली. मग १२० नंबरच्या पॉलिश-पेपरने घासून, वर २२० नंबरचा फिरवून गुळगुळीत केली. त्यावर प्रायमरचा एक हात आणि तेलरंगाचे दोन हात, प्रत्येक हातामध्ये एक दिवस वाळायला. पुष्कळजणी घाई करतात, घासण्याचे काम टाळतात आणि मग "रंग टिकला नाही" म्हणून दुकानदाराला दोष देतात. रंग टिकतो तो खालच्या घासण्यावर. रंग निवडताना मी खालच्या दारांना जरा गडद हिरवा घेतला आणि वरच्यांना फिका पिस्ता. खाली गडद असले की मळ चटकन दिसत नाही, वर फिका असला की खोली मोकळी वाटते.

मुठी बदलायच्या असतील तर जुन्या मुठीच्या दोन भोकांमधले अंतर मोजून दुकानात न्या. पुष्कळदा ते ९६ मिलिमीटर असते. त्याच मापाची मूठ घेतली तर नवी भोके पाडावी लागत नाहीत आणि सुतारही लागत नाही.

सुताराचा आणि रंगाऱ्याचा पैसा असा वाचला, म्हणून मग मी हौस केली. चोवीस पांढरे शुभ्र, एकसारखे, हिरव्या झाकणांचे डबे आणले! जुने डबे कोणी पितळेचे, कोणी स्टीलचे, कोणी बिस्किटांचे, त्यांची कसली शोभा? सगळे पोत्यात घालून माळ्यावर टाकले. नवे डबे फळीवर रांगेत मांडले. नावे लिहिली नाहीत. चिठ्ठ्या चिकटवल्या तर शोभा गेली ना! शाळेतल्या कवायतीसारखी ती रांग बघून हेदेखील म्हणाले, "वा! मासिकातलं चित्रच दिसतंय."

दसऱ्याला सगळे तयार झाले. सासूबाईंना हात धरून आत आणले. त्यांना आता ८१ वर्षे पूर्ण झाली आहेत. उंबऱ्याशी उभ्या राहून त्यांनी सगळीकडे बघितले आणि म्हणाल्या, "छान झालंय हो. लख्ख झालंय."

इथवर सगळे गोड. आता जे सांगणार आहे, त्याचीच मला लाज वाटते, आणि तेच सांगण्यासाठी ह्या वेळचे सदर लिहायला घेतले आहे.

आमच्या सासूबाईंचा एक नेम. पहाटे पाचला उठून स्वतःचा चहा स्वतः करून घ्यायचा. गिरगावात पाण्याच्या वेळेसाठी लागलेली सवय, ती इथेही चाळीसहून अधिक वर्षे चालू होती. सगळे घर निजलेले असताना त्या अर्ध्या तासात त्या चहा घेत आणि खिडकीशी जप करीत. सगळ्या दिवसात तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा. दसऱ्यानंतर तो चहा बंद झाला. मी विचारले तर म्हणाल्या, "आता सकाळचा चहा नकोसाच झालाय गं. पित्त होतं." वयपरत्वे होत असेल, असे म्हणून आम्ही सोडून दिले. सात वाजता माझ्याबरोबर त्या अर्धा कप घेऊ लागल्या. खरे सांगू? मला बरेच वाटले. नव्या ओट्यावर पहाटेची चहापूड सांडत नव्हती.

आठ-दहा दिवसांनी एका पहाटे मला जाग आली. स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली. जाऊन बघते तर दिवा न लावता सासूबाई फळीपाशी उभ्या. एक डबा काढला, झाकण उघडले, नाकापाशी नेला, परत ठेवला. दुसरा काढला, बोट घालून जिभेला लावले आणि तोंड वाईट केले. तिसरा काढताना हात लागून शेजारचा कलंडला आणि ओटाभर रवा पसरला. त्या तो दोन्ही हातांनी चाचपून गोळा करू लागल्या.

"आई, काय हवंय? मला हाक मारायची नाही का?"

त्या दचकल्या. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "काही नाही गं. तू नीज. चहा टाकावा म्हटलं."

मी दिवा लावला. सातव्या डब्यात चहा होता आणि त्यांच्या हाताला लागलेले होते मीठ. मी म्हटले, "अहो, दिवा तरी लावायचा!"

"दिव्यानं काय होतंय?" त्या शांतपणे म्हणाल्या. "दिवा पाठीमागं आहे. मी उभी राहिले की माझीच सावली डब्यांवर पडते. आणि सगळे डबे सारखेच. पूर्वी डोळ्यांनी कुठं बघत होते मी? चेपलेल्या झाकणाचा चहाचा, कडी असलेला साखरेचा, चिनीमातीची बरणी मिठाची. माझ्या हाताला कळत होतं गं सगळं."

मी खाली बसून रवा भरू लागले, कारण वर बघवत नव्हते. दोन वर्षांपासून त्यांना नीट दिसत नव्हते आणि आमच्यापैकी कुणाला पत्ता नव्हता. पोथी वाचायची सोडली तेव्हा "पाठच आहे मला" म्हणाल्या होत्या. टीव्हीसमोर डोळे मिटून बसत, तेव्हा आम्हाला वाटे, डुलकी लागली.

त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया पूर्वीच झालेल्या होत्या. हे दुखणे निराळे, डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाची वयामुळे होणारी झीज. बाजूचे दिसते, पण ज्याच्याकडे रोखून बघावे तेच पुसट होते. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, पण आहे ती जपायची. दर थोड्या महिन्यांनी तपासणी करायची, आणि सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या तर एक दिवसही न थांबता यायचे. आणि जाता जाता म्हणाले, "घरात उजेड वाढवा. काळ्यावर पांढरं, पांढऱ्यावर काळं असं ठेवा. आणि मुख्य म्हणजे, वस्तूंच्या जागा बदलू नका."

वस्तूंच्या जागा बदलू नका! मैत्रिणींनो, मी तर जागाच काय, वस्तूसुद्धा बदलून बसले होते.

मग उरलेल्या पैशांत स्वयंपाकघर दुसऱ्यांदा केले.

ओट्यावरच्या फळीच्या खाली, पुढच्या कडेला, दोन एलईडी पट्ट्या वायरमनकडून लावून घेतल्या. छतावरचा दिवा आपल्या पाठीमागे असतो, म्हणून चिरताना, निवडताना आपलीच सावली हातावर पडते. दिवा समोरून आणि वरून आला की ती पडत नाही. फळीला इंचभर पट्टी मारली म्हणजे उजेड डोळ्यांवर येत नाही. बटण ओट्याच्या टोकाला, आत शिरताच हाताला लागेल असे घेतले. इतकी वर्षे मी स्वतःसुद्धा आपल्याच सावलीत कांदा चिरत होते, हे त्या दिवशी कळले!

माळ्यावरचे पोते खाली आले. चेपलेल्या झाकणाचा चहाचा डबा चिंचेने आणि मिठाने घासला, तर पितळ असे उजळले की हिरव्या दारांपुढे तोच शोभून दिसू लागला. कडीचा साखरेचा डबा आणि मिठाची बरणी, तिन्ही आपापल्या जुन्या जागी, शेगडीच्या उजव्या हाताला. पांढऱ्या डब्यांपैकी चौदांत डाळी भरल्या आणि प्रत्येकावर इंचभर उंचीच्या ठळक काळ्या अक्षरांत नावे लिहिली. शंभर वर्षांपूर्वी त्या फ्रँकफर्टच्या बाईंना जे सुचले, ते मला रवा सांडल्यावर सुचले. उरलेले दहा डबे बेसन-पोह्यांच्या जास्तीच्या साठ्याला खाली गेले.

काळ्या ओट्यावर सासूबाईंसाठी एक पांढरा ट्रे ठेवला. त्यावर आतून पांढरा कप. चहा किती झाला ते पांढऱ्यात लगेच कळते. शेगडीच्या बटणावर, बंद असते त्या बाजूला, लाल नखरंगाचे दोनतीन थर देऊन टिपका उठवला. तो दिसतोही आणि बोटाला लागतोही. वायरमन आला होता तेव्हा शेगडीची नळीही तपासली. ती पाच वर्षांच्या आत बदलायची असते; आमची सहा वर्षांची निघाली! सिलिंडरच्या कपाटाला मी हौसेने घट्ट दार बसवले होते, त्याला खाली जाळी करून घेतली. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साठतो. म्हणून वारा खालून हवा. आणि खिडकीचा पडदा शेगडीपासून दूर बांधून टाकला.

आता हिशेब, कारण तुम्ही तो विचारणारच.

सोडा, पांढरे सिमेंट, ब्रश, पॉलिश-पेपर मिळून ६२० रुपये. दारांचा प्रायमर आणि तेलरंग २,१५०. भिंती आणि छताचा रंग १,९५०. चौदा मुठी, साठ रुपयांप्रमाणे ८४०. कडाप्प्याला पॉलिश १,८००. खिडकीचा पडदा ७००. चोवीस डबे, एकशेदहा रुपयांप्रमाणे २,६४०. इथवर झाले १०,७००. दुसऱ्या फेरीत दिवे, वायरमन, गॅसची नळी आणि जाळी मिळून १,४००. एकूण १२,१००. उरले २,९००. त्यांतून पाठ असलेले एक उंच, भक्कम स्टूल घेतले, १,४५० रुपयांचे, म्हणजे सासूबाईंना ओट्याशी बसून काम करता येते. राहिलेल्या १,४५० रुपयांवर ह्यांचा डोळा होता, पण ते मी डॉक्टरांच्या पुढच्या खेपेसाठी चहाच्याच डब्याशेजारी ठेवले.

मजा बघा. शोभेसाठी घातलेल्या दहा हजारांनी घराचे रूप पालटले, हे मी नाकारीत नाही. मला अजूनही ती हिरवी दारे बघून आनंद होतो. पण घराला स्वयंपाकघर परत मिळाले ते शेवटच्या चौदाशे रुपयांत आणि माळ्यावरच्या पोत्यात.

त्या दिवाळीत विहीणबाई फराळाला आल्या आणि ह्या वेळी मीच त्यांना आत नेले. सासूबाई स्टुलावर बसून चकलीचे पीठ मळत होत्या. विहीणबाईंनी दारांचा रंग बघितला, मुठी बघितल्या आणि मग पितळेच्या डब्यापाशी थांबून म्हणाल्या, "आमच्या आईकडेही असाच होता हो. कुठं गेला कोण जाणे." सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "माळ्यावर बघा. सुना पोत्यात घालतात." मी काय बोलणार! हसले आणि मोहन आणखी हवे का ते विचारले. "तुला अजून कळत नाही?" म्हणाल्या. मला बरे वाटले.

तेव्हा मैत्रिणींनो, ह्या दिवाळीला स्वयंपाकघर नटवणार असाल तर जरूर नटवा. पण रंगाचा डबा उघडायच्या आधी एक करा. संध्याकाळी, अंधार पडल्यावर, घरातल्या सर्वांत वडील माणसाला सांगा, "मला एक कप चहा करून द्या ना." तुम्ही काही न बोलता बाजूला उभ्या राहा आणि त्यांचा हात कुठे कुठे जातो ते बघा. कुठे चाचपडतो, कुठे थांबतो, ते लिहून ठेवा. खर्चाची यादी तिथून सुरू करा.

आमच्याकडे पहाटे पाचला पुन्हा लायटरचा आवाज येतो. थोडी चहापूड ओट्यावर सांडलेली असते. सात वाजता मी ती पुसते.